तीनचा गजर

सोमवार, १४ मार्च

तीर्थस्वरूप ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. आईच्या पायांवर डोकं ठेवल्याचं तिला सांग. फोनवर ती तुझ्या शेजारीच असते, म्हणून हे लिहून पाठवतो.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. ऑपरेशनला परवा सहा महिने झाले. एकशे अडतीस किलोंचा एक्क्याण्णव झालो. गुडघे गप्प आहेत. दुकानाच्या पायऱ्या एका दमात चढतो. पूर्वी पोट आडवं यायचं, आता दोन्ही कोपरं टेबलाला टेकतात. कमरेच्या पट्ट्याला घरच्या टोच्याने सहा नवी भोकं पाडली.

खाण्याचं विचारलंस. जठर केळ्याएवढं उरलंय. तेवढ्या जागेत आधी प्रोटीन गेलं पाहिजे, बाकीचं मग. आहारवाल्या बाईंनी दिवसाला सत्तर ग्रॅम सांगितलेत. एका अंड्यात सहा असतात, आणि ते एक अंडं चावून संपवायला मला वीस मिनिटं लागतात. म्हणून सहा वेळा थोडं थोडं खायचं. अंडं, मासा, घट्ट डाळ, दही, मधे पावडर घातलेलं दूध. जेवताना पाणी नाही. किती ग्रॅम झाले ते रोज तक्त्यात भरायचं. मी म्हटलं, भूकच लागत नाही हो. त्या म्हणाल्या, "तुम्ही घड्याळवाले ना? मग घड्याळावर जेवा."

तेच केलं. दुरुस्त केलेलं गजराचं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी आठ दिवस फळीवर वाजवून बघायचं, हा आपल्या वडिलांचा नियम तुला ठाऊक आहे. मी फळीवरच्या सहा घड्याळांना माझ्या खाण्याच्या वेळा लावल्या. सात, साडेनऊ, बारा, तीन, साडेपाच, आठ. त्यामुळे काळजी नसावी.

ये म्हणतेस, पण काम फार साठलंय. उरकलं की येतो.

गुरुवार

ताई, वरचं पान फाडणार होतो. राहू दे. मी तुला कसं लिहीत आलो, ते तरी दिसेल.

आज दुपारी आमच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई दुकानात आल्या. निवृत्त आहेत, एकट्याच राहतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचं घड्याळ दुरुस्त करून दिलं होतं. ते टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे दुपारी तीनला बोंबलतं."

"गजराचा काटा फिरवायचा होता की, बाई."

"फिरवला असता. पण तुम्ही लावलाय म्हणजे कशासाठी तरी लावला असेल, असं वाटलं. रात्री बंद करून निजते, दुपारी वाजू देते. आता मात्र विचारायला आले. कशासाठी आहे?"

"माझ्या खाण्यासाठी," मी म्हणालो. "काढायचा राहिला."

"अस्सं. म्हणजे जेवायचं तुम्ही आणि उठायचं मी!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "मग गेले तीन आठवडे तीनला काय खाल्लंत?"

त्यांनी सगळी फळी बघितली; बहुतेक घड्याळांची गजराची बटणं दाबलेली होती. "आणि बाकीची का गप्प आहेत?"

आता तुला सांगतो. तीनचं घड्याळ गेल्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीन वाजले, काहीच वाजलं नाही, आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचचं बंद केलं. मग साडेनऊचं, मग आठचं. गजर बंद करायला एक बोट पुरतं. आता सातला अर्धं अंडं खातो, बाराला चार चमचे डाळ. तक्त्यात रोज सत्तर लिहितो, कधी खरं वाटावं म्हणून अडुसष्ट.

रक्ताला तक्ता वाचता येत नाही. तपासलं, तर त्यात प्रोटीन फार कमी निघालं. केस फणीबरोबर येतात. संध्याकाळी पाय सुजतात, बोट दाबलं की भिजवलेल्या पिठासारखा खड्डा राहतो. चिमटा हातात थरथरतो; परवा एक बारीक स्क्रू पडला तो सापडलाच नाही. महिन्याभरात सुधारलं नाही तर दाखल करून नळीने अन्न देऊ, असं डॉक्टर म्हणाले. मी "बरं" म्हणालो. दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय, असं वाटत होतं.

मला मरायचं नाही, ताई. फक्त खायचं नाही. या दोन गोष्टी फार लांब लांब आहेत, असं मी धरून चाललो होतो.

जेवणाआधी हात जोडायची आपली सवय मी सोडली नव्हती. पण भूकच नाही, तर अन्नाबद्दल देवाचे आभार मानणं खोटं वाटू लागलं. आधी आभार सुटले, मग जेवण. कदाचित उलटं झालं असेल.

तुझ्या पत्रातली मुख्य गोष्ट मी सोमवारी टाळली. आई दोन आठवडे ताट सरकवते, माझ्या पोटावरून तिनेच पाडलेलं नाव घेऊन 'डेरा आला की त्याच्याबरोबर जेवीन' म्हणते, असं तू लिहिलंस. ते वाचून मी तुला पट्ट्याच्या भोकांचं लिहिलं.

कामबिम काही साठलेलं नाही. मला तिच्या हाताची भीती वाटते. डोळे गेल्यापासून ती हातांनी बघते. आधी माझं मनगट धरेल, मग दंड, मग गाल. ऑपरेशनचं तिला आपण सांगितलं नाही. रोज फोनवर ती "जेवलास?" विचारते आणि मी "पोटभर" म्हणतो. लहानपणी मी जेवायला बसलो की ती स्वतःचं ताट बाजूला ठेवून बघत बसायची, आठवतं? माझं खाणं हाच तिचा आनंद होता. चार चमच्यांत आटपणारा मुलगा तिच्यासमोर कोणत्या तोंडाने बसेल, हे मला सुचत नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही. पण येत्या बुधवारी सकाळच्या गाडीने येतो.

ताटं वाढू नकोस. दोन लहान वाट्या काढ, एकसारख्या. दोन्हींत घट्ट डाळ घाल आणि एक उकडलेलं अंडं कुस्करून अर्धं अर्धं घाल. पाणी जवळ ठेवू नकोस. ती हळू खाते, मीही हळू खातो. दोघांना कुणीतरी समोर बसलेलं लागतं, एवढं खरं. ऑपरेशनचं तू काही सांगू नकोस. माझं मनगट मीच तिच्या हातात देईन.

मास्तरीणबाईंना आईचं सांगितलं, तेव्हा त्या घड्याळ ठेवून गेल्या. म्हणाल्या, "घेऊन जा आईकडे. पण परत आणा हं. दुपारी घरात काहीतरी वाजतं, त्याची सवय झालीय." तीनचा काटा तसाच ठेवलाय. वाजलं की ते आईच्या हातात देणार आहे. तिला बटण सापडायला वेळ लागेल. लागू दे. माझा पहिला घास गिळून होईपर्यंत ते वाजत राहिलं पाहिजे. तू मदत करू नकोस.

हे लिहून फार हलकं वाटलं असं काही नाही. तिकीट मात्र काढलंय. तक्त्यात आजचा आकडा खरा लिहिला: अकरा.

बुधवारी तीनच्या आत पोचणारा,
तुझा डेरा