निळी व्हॅन आणि माझं नाक

३० मार्च, पाडवा
नवी वही. रोज लिहायचं. दुसरा संकल्प, व्हॅन स्वतः रंगवायची. टोप-तपेली वाहून तिचा पांढरा रंग नाचणीच्या भाकरीवर गेलाय. निळी करणार, दारावर पिवळ्या अक्षरांत ‘भगीरथ आचारी’. बारा तारखेला हनुमान जयंतीचा भंडारा. देवळासमोर गाडी झळकली पाहिजे. रंगाला दोन दिवस पुरे. बाकी अकरा दिवस आराम.

३१ मार्च
शहापूरहून रंग, थिनर, वरच्या चकाकीचं क्लिअर, ते कडक करणारं हार्डनर, स्प्रे गन आणली. कॉम्प्रेसर आसनगावच्या पंक्चरवाल्याकडून, चार दिवसांच्या बोलीवर. रंजनाला सांगितलं, सात व्हिडिओ बघून झालेत, सोपं आहे. ती म्हणाली, तुमच्या आमटीचा व्हिडिओ बघून मी केली होती ती खाल्लीत का? विषय काय, ही बोलते काय.

१ एप्रिल
मेहुणा आला, प्रणित. मुरबाडला गाड्या रंगवण्याच्या कामावर असतो. वय अठ्ठावीस, आणि मला शिकवतो. म्हणे, दाजी, हार्डनर लय बेकार. वास येवो नायतर न येवो, आत जायचं ते जातंच. दोन डबेवाला रबरी मास्क आणला होता. शिवाय अटी. गोठ्याची दोन्ही दारं उघडी ठेवा, वारा आरपार पायजे. हातमोजे घाला, चष्मा घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आसपास चूल नको, सिलेंडर नको. आणि मिशी काढा. मिशी असली की मास्क घट्ट बसत नाय, फटीतून आत घुसतं.

भंडाऱ्याच्या बॅनरवर दरसाल माझा फोटो असतो, मिशीसकट. काढतोय कसला.

जाताना म्हणाला, दाजी, तुमचा सगळा धंदा नाकावर, ते तरी जपा. हे मात्र खरं बोलला. मारुतीला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न चाखायचं नाही, उष्टं होतं. म्हणजे सातशे माणसांची आमटी वासावर करायची. मीठ पडलं का, डाळ खाली लागते का, सगळं वाफेवरून. तीस वर्षांत एक पंगत बिघडली नाही. भातसानगरच्या वसाहतीतले साहेब लोक माझं नाक बघायला आले होते.

मास्क खुंटीला टांगला. शोभतो.

२ एप्रिल
गोठा झाडला. बैल विकल्यापासून रिकामाच. माळ्यावर पेंढा आहे, त्याची कुसळं ओल्या रंगावर पडतील. म्हणून दोन्ही दारांना प्लास्टिक लावून फटी चिकटपट्टीने बंद. प्रणितला वाऱ्याची काळजी, मला रंगाची. कोपऱ्यात धंद्याचे चार सिलेंडर होते. रंजनाने न बोलता एकेक करून ओट्यावर नेले. न बोलता केलेलं काम मला टोमण्यासारखं लागतं.

मास्कचा प्रश्न मीच सोडवला. रंजनाची जुनी ओढणी, तीन पदर, पाण्यात भिजवून. ओलं फडकं धूर अडवतं, हे मला चुलीवर कळलंय. मिशीवर व्यवस्थित बसतं.

३ एप्रिल, सकाळी १०
प्रायमर मारला. वास प्रचंड. डोळ्यांतून पाणी, डोकं गच्च.

दुपारी २
जेवण गेलं नाही. हात थिनरने धुतले, साबणापेक्षा लवकर निघतं. मोजे घालून गनचा अंदाज येत नाही.

४ एप्रिल
निळे दोन हात दिले. वास कालच्या निम्मा. फडकं मुरलं असावं.

५ एप्रिल
क्लिअर आणि हार्डनर. वास शून्य! गोठ्यात तीन तास उभा होतो, जणू मोकळ्या माळावर. प्रणितला फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, दाजी, मास्क लावला व्हता ना? लावला होता म्हटलं. खोटं नाही, कोणता ते त्याने विचारलं नाही. संध्याकाळी थोडा खोकला. दुपारचं केळं बाधलं.

६ एप्रिल, रामनवमी
देवळात सुंठवडा घेतला. नुसती पिठीसाखर. सुंठ हल्ली भेसळीची येते. पुजाऱ्याला तसं सांगितलं. त्याला राग आला, म्हणे सुंठ घरची आहे. बाकीचे खोकत होते, नाटकी लोक.

गाडी उन्हात काढली. डाव्या दारावर तीन ओघळ आलेत, टपावर कुसळं चिकटली आहेत. लांबून उत्तम.

८ एप्रिल
ओट्यावर सिलेंडरांशेजारी बसून भंडाऱ्याची यादी करत होतो. रंजना विहिरीवरून धावत आली आणि एका सिलेंडरचा खटका बंद केला. रेग्युलेटर सुटला होता म्हणे, गॅस भसाभसा येत होता, अंगणापर्यंत वास. मी तिथेच तासभर होतो. काहीही नव्हतं. तिचं नाक पहिल्यापासून चोंबडं.

ती नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत होती. यादीत जिरं राहिलं होतं, ते लिहिलं.

९ एप्रिल
बोटांची टोकं बधिर वाटतात. फायदाच. सकाळी तापलेलं झाकण उचललं, कळलंच नाही. नंतर फोड आला. हात कसलेला असला की असं होतं.

रंजनाने बोलावलं असणार, प्रणित आला. थेट गोठ्यात गेला. खुंटीवरचा मास्क बघितला, अजून पिशवीत होता. पिशवीसकटच टांगला होता मी. ओरडेल वाटलं, पण त्याने आवाजच चढवला नाही. म्हणाला, दाजी, आजच डॉक्टरकडे चला, आन् ह्या साली भंडारा दुसऱ्या कोनाला देऊ द्या. मी म्हटलं, तीस वर्षांत दिला नाही. डॉक्टरकडे भंडाऱ्यानंतर जाऊ.

११ एप्रिल
धर्माकाका आले, देवळाच्या कमिटीचे. गाडीला फेरी मारली. म्हणाले, रंग बराय, पन कुसळं कशाला लावलीस रे? मग म्हणाले, भगीरथा, तू हायेस तवर आमाला चुलीकडं बघायची गरज नाय.

आज मसाला भाजला. रंगावरून काढला. वासाची गरज पडली नाही. अनुभवी माणसाला डोळे पुरतात.

१२ एप्रिल, सकाळी ७
शेगड्या पेटल्या. गाडी देवळासमोर. लोक फोटो काढतायत, माझ्या बॅनरचे.

सकाळी ११
आमटी उकळली. हौशी, वीस वर्षं माझ्या हाताखाली चिरायला-निवडायला असते, वांगी टाकून आली. म्हणाली, दादा, खालून लागली वाटतं, करपट वास येतोय. मी तपेल्यावर वाकलो. खोल श्वास घेतला. वाफ गरम होती. म्हटलं, काही नाही, गॅसचा वास असेल. ती आणखी एकदा हुंगून, मान हलवून परत वांग्यांकडे गेली.

दुपारी १
नैवेद्य झाला.

दुपारी ३
पंगतीत गडबड नव्हती. सातशे माणसं जेवताना असा गप्पपणा मी ऐकला नव्हता. आमटीला दुसऱ्यांदा कोणी पत्रावळ पुढे केली नाही. अंबूबाई, वय ऐंशी, म्हणाली, मला नुसता भात आन् बुंदी दे बाबा. धर्माकाकांनी वाढलेली आमटी सगळी खाल्ली, वर दोन तांबे पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता उठले.

शेवटी मी वाटीभर घेतली. गरम होती. मीठ होतं. एवढंच कळलं. मग मोठा डाव तपेल्याच्या तळाला घातला. काळी खरपुडी आली, दोन बोटं जाड.

मारुतीला पहिला घास हाच गेला.

१३ एप्रिल
तपेल्याचा तळ पातळ झालाय. डाळ जुनी होती. शेगडीची ज्योत एका बाजूला जास्त होती. सगळं लिहून काढलं, धर्माकाकांना सांगायला. ते स्वतःहून आले नाहीत.

हौशी भांडी घासायला आली. काळं तपेलं राखेने तासभर घासत होती. मी व्हॅनला टेकून उभा. तिने मान वर न करता सांगितलं, मला आला व्हता वास दादा. पन तुमी नाय म्हनलात, मंग मला वाटलं, माझंच नाक बिगाडलं.

लाज वाटली. तपेलं दोघांनी मिळून उचलून गाडीत ठेवलं.

१४ एप्रिल, सकाळी ८
मिशी काढली. रबरी मास्क पिशवीतून काढून लावून बघितला. अगदी घट्ट बसतो. रंजनाने बघितलं, चहा ठेवून गेली. चहा गोड होता. उद्या प्रणित डॉक्टरकडे नेणार आहे.

संध्याकाळी ५
घरात कोणी नव्हतं. हिंगाची डबी काढली. झाकण उघडून नाकाला लावली, डोळे मिटून. काही नाही. पुन्हा खोल श्वास घेतला. डबी जुनी असेल, वास उडाला असेल.

तेवढ्यात परसात कपडे काढणारी रंजना तिथूनच ओरडली, अहो, हिंग सांडलात काय?

नाही म्हणालो. डबी बंद केली.