हुकमाने थाटलेल्या संसाराची निरवानिरव

मी, इडालिना ताव्हारेश, वय पासष्ट, राहणार सेतूबाल, हे पूर्ण शुद्धीत आणि खऱ्या नावाने लिहीत आहे. हुकूमशाहीच्या काळात भूमिगत असताना मी तीन खोट्या नावांनी सह्या केल्या. त्या कोणी पुढे आणल्यास ग्राह्य धरू नयेत.

१. माझे राहते घर मी फिर्मिनो मोराईश यांना देते. त्यांना तेथून कोणी काढू नये. सगळे त्यांना माझे पती समजतात, ते नाहीत. १९६३ साली आमच्या, तेव्हा बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाने आम्हा दोन अनोळखी माणसांना नवरा-बायको म्हणून एका घरात ठेवले. मागच्या खोलीत छापखाना होता. लेखी सूचना होती : न भांडणाऱ्या जोडप्याचा शेजाऱ्यांना संशय येतो, तरी दर शनिवारी भांडावे. आम्ही शिस्तीने भांडलो.

"मासा पुन्हा करपवलास? लक्ष कुठे असतं तुझं!" मी ओरडले की ज़ुल्मिराबाई भिंतीपलीकडून म्हणत, "अगं पोरी, रांधणारा नवरा मिळालाय, पाय धुऊन पाणी पी त्याचे!"

हुकूमशाही गेली. भांडण थांबवण्याचा आदेश मात्र अजून आलेला नाही.

२. पक्षाच्या स्थानिक समितीने छापखान्याच्या त्या घरावर पाटी लावली आहे : 'येथे कॉम्रेड मोराईश पत्रके छापत. पत्नीने साहाय्य केले.' छापत मी होते. फिर्मिनोंना शाईच्या वासाने उलटी होई. समितीला मी माझा शाईने माखलेला एप्रन देते, पाटीशेजारी टांगावा.

३. यंत्राचा आवाज झाकायला मी लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली स्तोत्रे मोठ्याने गाई. ती ऐकून फादरांनी मला चर्चच्या गायनवृंदात घेतले. पक्ष नास्तिक, तरी अकरा वर्षे माझा एकही रविवार चुकला नाही. कॉन्व्हेंटातल्या माझ्या शिक्षिका सिस्टर बेनेडितांनी दिलेले स्तोत्रपुस्तक त्या वृंदाला.

४. बहिणीचा मुलगा आडेलिनो यास काही नाही. परवा इस्पितळात तो म्हणाला, "मावशी, उद्या तुझं काही बरंवाईट झालं, तर हे गृहस्थ कायद्यानं तुझे लागतात कोण?" प्रश्न रास्त होता. घराची मापे घेऊन आल्यावर विचारायला नको होता.

५. ते ऐकून फिर्मिनो म्हणाले, "लग्नच करून टाकूया का गं?"

"कुणाचा हुकूम?"

"कुणाचाच नाही. म्हणून तर घशाला कोरड पडलीय."

नोंदणी कचेरीने तीन मे ही तारीख दिली आहे. माझी शस्त्रक्रिया नऊ एप्रिलला आहे. मी घरी परतले तर हा कागद फाडावा. न परतले, तर कायदा काहीही म्हणो, फिर्मिनोंना विधुर म्हणावे.

साक्षीदार : ज़ुल्मिरा पेश्ताना, डॉ. अबिलियो केरोश
सही : इडालिना ताव्हारेश
सेतूबाल, २ एप्रिल १९९१