पाणकोंबडीने घेतलेले तीन पेन

४ फेब्रुवारी

चि. टिपकागदास,
अ. उ. आ.

हे पत्र मायेपोटी लिहिते आहे असा गैरसमज नको. समोर एका निवृत्त मास्तरांचा हिरवा पेन दुरुस्त होऊन पडलाय आणि अप्पांचा नियम तुला ठाऊक आहे. दुरुस्त केलेल्या पेनाने आधी घरच्या माणसाला एक सबंध पत्र लिहायचं, मगच तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. दोन ओळी कुठलाही पेन लिहितो, खरा दमतो तो दुसऱ्या पानावर. अप्पा गेले, दुकान तुझ्याकडे आलं, मी इथे स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल लावून बसले, पण नियम दोघांनीही मोडला नाही. म्हणून तर आपली पत्रं चालू आहेत. नाहीतर फोनवर एकदाच काय ते भांडून मोकळे झालो असतो.

तर काल रात्री त्या लिलावाच्या साइटवर तुझा काळा पेन किती वर गेला ते मी पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. आमटी करपली तरी उठले नाही. सरळच सांगते, मी जळते आहे. तुझ्या नावापुढे ती ताऱ्यांची रांग, खाली गिऱ्हाइकांची स्तुती, आणि फोटोत कोपऱ्यात अप्पांचं भिंग ठेवलेलं. मुद्दामच ठेवतोस ना? अप्पांनी भिंग तुला दिलं, निब घासायला तुला शिकवलं. मला काय, तर पाण्याचं भांडं आणि जुनी शाई धुण्याचं काम. तू त्यांचा शब्दन् शब्द टिपून घ्यायचास म्हणून टिपकागद, आणि मी नुसती ताई.

त्याच संध्याकाळी माझाही एक पेन गेला. चहाच्या पुड्याच्या भावात. त्यात त्या साइटवाल्यांचे हात किती! फोटो लावायचे पैसे वेगळे. पेन विकला की कमिशन वेगळं, आणि ते नुसत्या पेनावर नाही, टपालखर्चावरसुद्धा. पार्सल त्यांच्याच गोदामातून जायला हवं, त्याची फी. गिऱ्हाइकाचा पत्तासुद्धा आपल्याला दाखवत नाहीत. मग पैसे पोचवणारी कंपनी आपला तुकडा मोडून घेते, आणि ते पैसे माझ्या बँकेत आणायचे म्हटले की पुन्हा एक लचका. शंभराला पेन गेला तर हातात बहात्तर. मी चिडून त्यांच्या मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मोलाचं असेल तर त्यावरही कमिशन लावा म्हणावं.

यांच्या मित्राच्या औषधांच्या दुकानात हिशेब लिहायला कोणीतरी हवं आहे. हे म्हणाले, एप्रिलअखेरपर्यंत बघ, नाही जमलं तर टेबल आवर आणि तिकडे जा. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. पण अगदी समजुतीने म्हणाले, त्यामुळे जास्त लागलं.

हिरवा पेन पास झाला. लोभ आहेच, सध्या जरा आंबलाय एवढंच.

तुझी ताई

---

१६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कागद गरम लागत होता. पोस्टमनलाही चटका बसला असणार.

फीबद्दल बोलशील तर मीही त्याच रांगेत उभा आहे. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने पेन परत केला, कारण काय तर निळा म्हणजे त्याला आणखी निळा हवा होता. पैसे परत गेले, पण साइटने आणि त्या पैसेवाल्यांनी आपापलं कमिशन ठेवून घेतलं. म्हणजे पेनही घरात आणि भुर्दंडही घरात. तुझी भावजय म्हणते, तुम्ही दोघं बहीणभाऊ त्या कंपनीची नोकरीच करताय, फक्त पगार तुम्ही देताय.

पण औषधांचं दुकान नको. भावोजींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, थोडा दम धरा. तू फोटो फार वाईट काढतेस, ताई. मागे कुकर, पुढे तुझा अंगठा, आणि मधे कुठेतरी पेन. पेन खिडकीत ठेव, मागे साधा पांढरा कागद लाव आणि अंगठा घरात ठेव. माझे पेन फोटोत देखणे दिसतात, एवढंच त्यांचं कौतुक आहे. जळण्यासारखं त्यात काही नाही.

हा वकीलबाईंचा पेन दुसऱ्या पानावर अडखळला. पुन्हा उघडावा लागणार. तोवर माझ्यावर थोडी कमी जळ.

तुझा टिपकागद

---

२० मार्च

चि. टिपकागदास,
अ. उ. आ.

बस आणि वाच. तुझं ऐकून फोटो खिडकीत काढले, अंगठ्याशिवाय. राखाडी पेन लावला. पहिले तीन दिवस सामसूम. चौथ्या दिवशी कोणीतरी बोली लावली. नाव काय, तर पाणकोंबडी. तासाभरात दुसरा आला, टाकबहाद्दर. मग दोघांची अशी काही जुंपली की मी यांना हाक मारून बोलावलं. हे नको नको म्हणत खुर्ची ओढून बसले आणि शेवटी माझ्याहून मोठ्याने ओरडत होते. पाणकोंबडीने घेतला! आठवड्याने निळा लावला, तोही त्या दोघांच्या झटापटीत पाणकोंबडीकडेच गेला. तुझ्या काळ्या पेनाच्या जवळपास पोचला, चार बोटं खाली.

साइटने आणि पैसेवाल्यांनी आपलं पोट भरून घेतलंच. किंमत चढली तशी त्यांची भूकही चढली. या महिन्यापासून कसलासा सुरक्षा-आकार काढलाय. कोणाची सुरक्षा ते लिहिलेलं नाही. पण खरं सांगू? यावेळी मी नुसत्या तोंडानेच शिव्या दिल्या. मनातून गुदगुल्या होत होत्या.

तुला कसं वाटतंय? जरा तरी जळलास का? खोटं सांगू नकोस. दोन पेनांवरून कोणी शेफारून जात नाही हे मला कळतं, पण माझं काम ओळखणारं माणूस कुठेतरी आहे, आणि ते माझ्या नात्यातलं नाही, गोत्यातलं नाही, हे किती वर्षांनी कळलं म्हणून सांगू. अप्पा असते तर त्यांना त्या बोल्या दाखवल्या असत्या.

मी यांना सांगून टाकलं, औषधांच्या दुकानात दुसरं कोणीतरी बघा. हे हसले आणि मित्राला फोन लावून आले. आता तपकिरी लावते आहे, कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचा. त्याची निब मी स्वतः तिरकी घासली आहे. आजवर केलेलं माझं सगळ्यात चांगलं काम ते. बघच तू.

ताठ मानेने,
तुझी ताई

---

१८ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तपकिरीही त्या पाणकोंबडीनेच नेला असं ऐकलं. अभिनंदन! आता तुझ्यापुढे आम्हाला कोण विचारतो? जळलो, ताई, चांगलाच जळलो. तुझं समाधान होत असेल तर भावजयीची साक्ष काढून पाठवतो.

इकडे विशेष काही नाही. दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवलाय, गिऱ्हाइकं फळीवरून तोल सांभाळत येतात. वकीलबाई परवा फळीवरून घसरल्या, पण पेन उंच धरून पडल्या. पेनाला काही झालं नाही. त्यांना मी चहा पाजला आणि दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. भावजयीने तक्रार केली की तू आता साइटपेक्षाही वाईट धंदा करायला लागलास. धाकटीचे दात पडायला लागलेत. ती दात दुकानाच्या खणात निबांच्या डबीत ठेवते. मी एकदा निब समजून भिंगाखाली धरला.

पत्र उगाच लांबतंय खरं. एक पेन तपासतोय आणि तो थांबूच देत नाही. किती सरळ चालतो म्हणून सांगू, कागदावर आहे की नाही तेच कळत नाही. असा पेन हातात आला की काहीबाही लिहीत बसावंसं वाटतं. दुसरं पान संपत आलं तरी दमलेला नाही. असो. शाई माझी, वेळ तुझा.

तुझा टिपकागद

---

२३ एप्रिल

चि.,

उभी रेघ जाड, आडवी केसासारखी, आणि उकाराच्या शेपटीपाशी जराशी थांबते. ती तिरकी निब मी घासली आहे. पाणकोंबडीकडे गेलेला माझा पेन तुझ्या हातात काय करतोय हे विचारायची गरज नाही. दया करून बहिणीचे पेन घ्यायचे, खोटं नाव लावायचं, आणि मग सवयीने त्याच पेनाने बहिणीलाच पत्र लिहायचं. अप्पांचा नियम इतका अंगात मुरलाय की चोरीसुद्धा धड जमत नाही.

माझ्या जिवावर हसलात ना तुम्ही नवरा-बायको? मी इथे यांना हाका मारते आहे, ओरडते आहे, आणि तिकडे तू फोन हातात घेऊन ताईचं मन राखतो आहेस. मदतच करायची होती तर पाकिटात घालून पाठवायचे होते पैसे. मी ते तोंडावर फेकले असते, पण निदान सगळेच्या सगळे पोचले तरी असते. तुझ्या दयेतलासुद्धा चौथा हिस्सा त्या साइटने खाल्ला.

मला एकच पारखणारा भेटला होता. तो तू निघालास. मी तुझ्यावर आयुष्यभर जळले, पण तुझ्यासमोर एवढी लहान कधी झाले नव्हते. औषधांच्या दुकानात ती जागा अजून रिकामी आहे. एक तारखेपासून जाते. टेबल पुसून ठेवलंय.

हे पत्र बॉलपेनने लिहिलं आहे.

ताई

---

२६ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिव्या आणखी घाल, पण दया म्हणू नकोस. दया असती तर मी मान वर करून लिहिलं असतं. आता मान खाली घालून लिहितोय.

जानेवारीत एक डॉक्टरबाई दुकानात आल्या. पेनाची क्लिप सैल झाली होती, बाकी पेन दुसरीकडे दुरुस्त केलेला होता. क्लिप बसवून मी सहज दोन ओळी लिहिल्या आणि थांबलो. मी त्यांना विचारलं, कोणाकडे केलात. त्या म्हणाल्या, स्वयंपाकघरात बसणाऱ्या एक बाई आहेत, शिस्तीच्या कडक, पण हात असा की सोडवत नाही. ताई, त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं दुकान माझं, भिंग माझं, आणि मला तशी निब कधी जमलेली नाही. माझे पेन फोटोत देखणे दिसतात असं मी तुला लिहिलं ते चेष्टेने नव्हतं.

म्हणून भावजयीच्या नावाने खातं काढलं. तू काय करतेस ते मला बघायचं होतं. तीनही पेन उघडले, भिंगाखाली धरले, निब काढून माझ्या निबांशेजारी ठेवल्या. काहीही कळलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? आणि विचारायला माझी जीभ रेटली नसती. अप्पांचा लाडका टिपकागद, त्याने काय विचारायचं!

तुला एक माहीत नाही ते सांगतो. भिंग देताना अप्पा मला म्हणाले होते, ‘तुला दिसत नाही म्हणून तुला देतोय, तिला बोटांनी कळतं.’ मी ही गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली. इतकी वर्षं तू भिंगावरून जळत होतीस आणि मी ते मुद्दाम फोटोत ठेवत होतो.

आणि हिशेबाचं म्हणशील तर एकट्याने बोली चढत नाही. तो टाकबहाद्दर कोण ते देवाला ठाऊक. तपकिरी पेनासाठी तो शेवटच्या क्षणापर्यंत लढला. मी त्याच्यापेक्षा जास्त जळत होतो म्हणून जिंकलो. तो तुझ्या नात्यातला नाही. एक तारखेच्या आधी त्याला लिही. भिंग पाठवू का? पेन परत हवे असतील तर तेही पाठवतो.

हे मी माझ्या पेनाने लिहिलंय. कुठे कुठे अडखळला ते तुला दिसेलच.

तुझाच,
टिपकागद

---

५ मे

चि. टिपकागदास,
अ. उ. आ.

तिसऱ्या ओळीत अडखळला, आणि जिथे अप्पांचं लिहिलंस तिथे शाईचा ठिपका पडला. तो पेनाचा दोष नाही, हे मला कळतं.

एक तारखेला मी औषधांच्या दुकानात गेले नाही. यांनी स्वतःच जाऊन मित्राला सांगितलं. टाकबहाद्दराला साइटवरूनच निरोप धाडला, त्या निरोपाला मात्र फी नव्हती हे नवल. एक म्हातारे गृहस्थ आहेत, आयुष्यभर नकाशे काढले. म्हणाले, त्या पाणकोंबडीने माझा रक्तदाब वाढवला. त्यांचे सहा जुने पेन आता थेट माझ्याकडे येतात. पैसे पाकिटात, पाकीट माझ्या हातात. मधे कोणी नाही.

भिंग नको. तुला दिसत नाही, तुलाच लागेल. पेनही परत पाठवू नकोस. तुझे पैसे परत करायला गेले तर परतीवरसुद्धा फी लावतात, मी बघून ठेवलंय.

आता माझी युक्ती सांगते. तू एक पत्र लिहितोस आणि पेन पास करतोस. मी पोस्टात टाकलेली पत्रं तुला माहीत आहेत, न टाकलेली नाहीत. प्रत्येक पेनाने मी तुला पानंच्या पानं लिहिली आहेत. भिंग, दुकान, ताऱ्यांची रांग, तुझे फोटो, अप्पांनी तुझ्या डोक्यावर ठेवलेला हात. सगळं लिहायचं, मनासारखं लिहायचं आणि फाडून टाकायचं. घासायच्या दगडाने निब नुसती सरळ होते, मऊ होते ती लिहिता लिहिता. आणि जळणाऱ्या माणसाचा हात मधे थांबत नाही. तपकिरी पेन तर तुझा काळा पेन विकला गेला त्या आठवड्यातला. त्यात तू जे शोधत होतास ते तूच होतास.

आता माझी पंचाईत अशी झाली आहे की तुझं पत्र वाचल्यापासून जळायला काही उरलेलं नाही. काल नकाशेवाल्यांचा पहिला पेन घेऊन बसले. अर्ध्या पानात मजकूर संपला. निब अजून खरखरतेच आहे आणि त्यांना शनिवारी पेन हवाय.

तेव्हा ताईवर एवढे उपकार कर. तुझं काहीतरी चांगल्या भावाला विक आणि मला लगेच कळव. चांगली फुशारकी मारून कळव. फोटोत भिंग असू दे.

वाट बघणारी,
तुझी ताई