हिरेमाळ फाट्यावरचा दगड

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार

प्रिय मल्लेश,

फोन करणार होतो. पण फोनवर तू "ते ऱ्हाऊ दे, अमीरबी वैनीचा गुडघा कसा हाय?" म्हणतोस, मी गुडघ्याचं सांगतो आणि सुटतो. तिचा गुडघा बरा आहे. बाकीचं कागदावर लिहितो.

तुमच्या हिरेमाळचा रस्ता रुंद होतोय. फाट्यावरचा इतिहासाचा दगड रुंदीत जातो, म्हणून तो काढून नवा बसवायचाय. सीमेलगतच्या बारा गावांना असे दगड होणार आहेत, गाव कसं वसलं, कुणाशी झुंजलं, कोण पडलं ते सांगणारे. कोरायचं काम माझ्याकडे आलंय. हिरेमाळच्या मजकुरात लिहिलंय की जंगल तोडून पहिली वस्ती झाली आणि गुरं पळवायला आलेल्या टोळीशी लढताना एक जण पडला. त्याचं नाव नाही. गावाकडे त्याच्या झुंजीचं चित्र कोरलेला वीरगळ होता, तेवढाच. तोही तुमच्या बांधावर.

त्या वीरगळापायी तुझ्या आण्णांनी काय सोसलं ते तुला मी सांगायला नको. एका पावसाळ्यात तो बांधासकट ढासळून पालथा पडला आणि उन्हाळ्यात पाहतात तर जागेवर नाही. बांध चनबसाप्पा आण्णांचा, मग चोरही चनबसाप्पाच. "आण्णानं वीर इकला," एवढ्या तीन शब्दांत गावानं निकाल दिला. अव्वा अमावास्येचा नैवेद्य घेऊन त्या रिकाम्या जागेकडे गेली, तेव्हा बाळाबाईनं चारचौघांत विचारलं होतं, "कुणाला दावतीयास गं शांते? द्येव तर टेंपोत बसून गेला की!" त्यानंतर अव्वा गेली नाही. तीन वर्षांनी तू आई-वडिलांना हुबळीला नेलंस. अव्वा तिथंच वारली. आण्णांनी हिरेमाळचं नाव काढणं सोडलं.

तू तेव्हा शिरोलीला फाउंड्रीत होतास. सुट्टी झाल्यावर टपरीवर चहा घेताना तू हे सगळं मला सांगितलंस आणि विचारलंस, "निसार, तुला तरी वाटतंय का रं, आण्णा असलं करंल?" मी म्हणालो, "न्हाय, गाव काय बी बोलतंय." चहा पुरा पिऊन मी घरी आलो.

फाट्यावरचा दगड सत्तावीस वर्षांपूर्वी मीच कोरला, हे तुला माहीत आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझ्या हातून मूळ फरशी फुटली, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी टेंपो घेऊन हिरेमाळला आलो, कारण तुमच्या बांधावर एक सपाट, जाड दगड पडलेला मी जेवायला येता-जाता पाहिला होता. घराला कुलूप होतं. मित्राचा बांध, मित्राचा दगड, विचारायचं काय, म्हणून उचलला. शाहूपुरीत उतरवताना तो उलटला, तेव्हा कळलं की तो वीरगळ आहे. खाली झुंज, मध्ये पडलेल्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर पिंड आणि चंद्र-सूर्य.

परत नेऊन ठेवता आला असता. पण आमच्या धंद्यात एक बाजू बिघडली की दगड टाकत नाहीत, पालथा करून पाठीवर कोरतात. हात सवयीनं चालला. मी पाठीवर हिरेमाळची वस्ती आणि लढाई कोरली आणि सकाळी तो चौथऱ्यात असा बसवला की वीराची बाजू कायमची सिमेंटात गेली. पहिल्या आठवड्यात काम आणि पैसे बुडण्याची भीती होती. नंतर तुझी. अव्वाच्या हातची भाकरी त्यानंतरही मी खाल्ली, मल्लेश. ती वाढत होती आणि मी जेवत होतो.

गेल्या बुधवारी ठेकेदार म्हणाला, "जुना दगड तुम्हीच घिऊन जावा, आम्हाला कशाला ती अडगळ?" म्हणजे येत्या गुरुवारी क्रेननं काढायचा, टेंपोत घालायचा, विषय संपला. कुणालाही कळलं नसतं. दोन दिवस मी हेच करणार होतो. अमीरबीला सगळं सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "म्हाताऱ्याचं वय किती झालं?" मी म्हणालो, शहाऐंशी. मग ती उठून गेली.

काल हिरेमाळला जाऊन सरपंचांना सगळं सांगून आलो. आधी विश्वास बसेना, मग शिव्या दिल्या, मग चहा दिला. गुरुवारी दहा वाजता गाव फाट्यावर जमणार आहे, बाळाबाईला मी स्वतः घरी जाऊन सांगितलंय. तिथं दगड सगळ्यांसमोर उलटायचा आणि तो कुणी नेला हे मी माझ्या तोंडानं सांगायचं. हे पत्र लिहिलं ते यासाठी की तुला हे गावाच्या आधी कळावं आणि तू ते आण्णांना वाचून दाखवावंस. गाडी पाठवू का, एवढं फोनवर कळव. माफीचं मी काही मागत नाही, ते आण्णांनी ठरवायचं. ठेकेदाराची क्रेन दुपारपर्यंतच आहे, पण मी त्याला सांगून ठेवलंय, हुबळीची माणसं येईपर्यंत दगडाला हात लावायचा नाही.

तुझाच, अजून म्हणू देणार असशील तर,
निसार