ईश्वरीच्या वेण्या

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दिवाळीची सुट्टी संपली. माझ्या तिसरीतली अर्धी पोरं अजून गावालाच. ईश्वरी आली, पण केस मोकळे, तेलाचं बोटसुद्धा नाही. एरवी हिच्या दोन वेण्या अशा ताठ की मोठ्या बाई प्रार्थनेला पोरींना दाखवायच्या. हजेरीला 'हजर' नाही, नुसता हात वर. सुट्टीआधी हीच माझं डोकं खायची!
बाकावरची सिद्धी कानात येऊन म्हणाली, "बाई, तिची आई भांडून देवगडला गेली. परत नाही येणार." तिला गप्प बसवलं. मला मात्र दिवसभर तेच डोक्यात.

२० नोव्हेंबर
मोठ्या बाई (मो.बा.) म्हणतात, केस बांधून येत नसेल तर घरी चिठ्ठी द्या. चिठ्ठी वाचणार कोण? बाप लिफ्ट दुरुस्तीवाला, पोरगी उठायच्या आत नाहूरच्या घरातून बाहेर पडतो. शेजारची काकू डबा भरून देते तेच नशीब.
मधल्या सुट्टीत थांबवलं. माझ्या पायाशी बसवली, पाठ माझ्याकडे, तोंड फळ्याकडे. माझाच कंगवा. गुंता काय होता, बाप रे! दुखलं असणार, पण हूं की चूं नाही. क्राफ्टच्या कपाटात लाल सॅटिनची पट्टी सापडली, तिच्याच रिबिनी केल्या.

२१ नोव्हेंबर
प्रशिक्षण. विषय : मुलांचे भावनिक आरोग्य. एसी हॉल, पीपीटी, गार समोसा. आता प्रत्येक वर्गात 'भावनांचा तक्ता' लावायचा. पाच चेहरे, पोरांनी सकाळी आपल्याला वाटेल त्या चेहऱ्याला चिमटा लावायचा. फोटो रोज ग्रुपवर.
मी विचारलं, समुपदेशक कधी मिळणार? "ताई एकच आहेत हो, शाळा खूप. नाव नोंदवून ठेवा." ठेवलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
तक्ता लावला. सगळे चिमटे हसऱ्या चेहऱ्याला. ईश्वरीचाही.
"अरे, खरं खरं लावा ना!"
प्रथमेश : "बाई, रडका लावला तर पालकांना बोलावतील ना?"
फोटो पाठवला. वरून लगेच अंगठा आला. झकास चाललंय सगळं.

२७ नोव्हेंबर
बोलली!! वेणी घालताना, फळ्याकडे बघत :
"आई भांग वाकडा काढायची."
हात थांबवला नाही. थांबले असते तर ती वळली असती, आणि वळली की संपलं. म्हटलं, "मी पण वाकडा काढू?" "हं." मग दुसरी वेणी होईपर्यंत मांजर, काकूच्या घरचा टीव्ही, काय काय. समोरासमोर अजून एक शब्द नाही. पाठमोरी मात्र बोलते. वेणी मुद्दाम सोडून पुन्हा घातली.

२ डिसेंबर
आज सगळं सांगितलं. पाढे म्हणावेत तसं, एका सुरात.
आई किचनमध्ये फोनवर रडायची. हिने ते पप्पांना सांगितलं. पप्पांनी विचारलं कुणाचा फोन, भांडण पेटलं, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई बॅग घेऊन गेली.
"मी सांगायला नको होतं."
म्हणून आता कुणाला काहीच सांगायचं नाही, असं हिने ठरवलंय. आठ वर्षांची पोर! म्हटलं, "तुझी काही चूक नाही गं, राणी." पटलं नाही तिला. मान ताठच.
मग म्हणाली, "तुम्ही पण कुणाला सांगू नका हं, बाई."
म्हटलं, "नाही सांगणार."
घरी येऊन स्वयंपाक करावासा वाटेना. पाव-बिस्कीट खाल्लं.

४ डिसेंबर
वाट लागली. मतदारयादीच्या कामाची ऑर्डर आली. उद्याचा दिवस शाळेत, मग घरोघर फिरायचं. मो.बा. म्हणाल्या, "माझ्या हातात काय आहे?" खरंच नाही. तिसरी चौथीला जोडणार, म्हणजे कविताकडे. तिला वेण्यांचं सांगितलं तर म्हणते, "अगं, दोन वर्ग मला, फळ्यापर्यंत पोचेन की नाही शंका आहे. वेण्या कुठून घालू?"
समुपदेशक ताईंना फोन. जानेवारीत बघू म्हणाल्या.

५ डिसेंबर
शाळा सुटताना बापाला गेटवर बोलावलं. भला माणूस. हाताला ग्रीस, ते पुसत पुसतच आला. म्हटलं, मी नाही तोवर रात्री झोपताना तुम्हीच दोन वेण्या घाला. वेणी घालताना ती बोलते.
"माका खय वेणी घालूक येता, बाई!" लाजला बिचारा.
इथेच थांबायचं होतं. पण मी उद्यापासून नाही, हिच्याकडे बघणार कोण, या धास्तीने सांगून टाकलं सगळं. तिला वाटतं आई तिच्यामुळे गेली, तेवढं तिच्या मनातून काढा, म्हटलं.
त्याने नजर चपलांकडे वळवली. मग, "घरातलं ती हय सांगता?" रागावला नाही, शरमला. म्हणाला, "तुम्हाला रोजचा त्रास झाला, बाई. आता नाही होणार."
मला वाटलं, चला, मार्गी लागलं.

१० डिसेंबर
टॉवरचा वॉचमन आत सोडत नाही, आत गेलं तर दार उघडत नाहीत. "परसों आओ." पायाचे तुकडे पडले.
दुपारी कविताला फोन. ईश्वरी कशी आहे?
"एकदम शांत गं. तिचा काहीच त्रास नाही."
तेच तर.

१६ डिसेंबर, मंगळवार
परत शाळेत. ईश्वरीचे केस कापलेत. बॉयकट. मान उघडी, कोंबडीच्या पिल्लासारखी. पहिल्यांदा ओळखलंच नाही. मो.बा. खूश : "किती नीटनेटकी दिसते बघा आता." तक्त्यावर चिमटा हसऱ्या चेहऱ्याला.
बाप मुद्दाम गेटवर थांबला होता. चेहऱ्यावर केवढं समाधान! "आता तुमका त्रास नाय, बाई. न्हाव्याकडे मी स्वतः बसलो तिच्या बाजूक." आणि मग, "विचारलं पण तिला, बाईंना काय काय सांगितलंस म्हणून. रडली. नंतर गप झाली."
त्याने त्याच्या परीने माझं ओझंच कमी केलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आईबद्दल सांगितलं, आई गेली. मला सांगितलं, केस गेले. आता कशाला ती तोंड उघडेल?

१९ डिसेंबर, शुक्रवार
मधल्या सुट्टीत थांब म्हटलं. थांबली. आपणहून पाठ करून बसली, सवयीने. कंगवा फिरवला तर केस सुरू होताहोताच संपतात. हाताला कामच नाही. तरी फिरवत राहिले.
म्हटलं, "ईश्वरी, मी पप्पांना सांगायला नको होतं."
बाहेर पोरांचा धुडगूस चाललेला. मला रडू आलं, आवाज होऊ दिला नाही. घंटा झाली तशी उठली, दप्तरातून काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. लाल सॅटिनच्या दोन्ही रिबिनी. नीट घडी करून.
"तुमच्या आहेत," म्हणाली. माझ्याकडे बघून, समोरासमोर. आणि जागेवर जाऊन बसली.
रिबिनी पर्समध्ये ठेवल्यात. एप्रिलपर्यंत केस मानेपर्यंत येतील फार तर, आणि तोवर तिसरी संपेल. सोमवारी पुन्हा थांब म्हणणार आहे. कंगवा घेऊन बसेन मी. पण ती पाठ करून बसेल का?