तुझ्या मांजरीला मी पोत्यात घातलं

आई, तुझी मांजर रात्र रात्र रडते. सतरा वर्षांची झाली आता. भोंगवलीहून एसटीत पदराखाली लपवून तू तिला भोरला आणलंस आणि कंडक्टरला सुनावलंस, "तिकीट कशाचं? दूध पितंय अजून." तू गेलीस तेव्हा ती चार वर्षांची होती. आता दात गेलेत, कान गेलेत. दिवसभर स्वयंपाकघरात तुझ्या पाटाशेजारी झोपते आणि दिवे मालवले की मधल्या खोलीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून ओरडते. ते म्याव नव्हे. लांब, घोगरा, माणसाचा वाटावा असा आवाज असतो तो.

मी तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. दोन म्हशींच्या मध्ये पिशवी छातीशी धरून उभी राहिले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाबाची पाव गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "बहिरी झालीये, दिसतंही कमी. काही म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं, रात्री तिला स्वतःचं घर ओळखू येत नाही. एक दिवा चालू ठेवा, झोपताना थोडं खायला द्या, रागावू नका." दिवा ठेवला, भात कुस्करून दिला. रडणं थोडं कमी झालं, थांबलं नाही.

मग शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या सुनेला नववा महिना. "ताई, मांजर रडनं चांगलं न्हाई. आमच्या घरात बाळ यायचंय." तुला ठाऊक आहे, या विषयावर मला डिवचू नये. वेल्ह्यापासून शिवऱ्यापर्यंत शाळा, चावड्या, महिला मंडळं, कुठं मी अपशकुनांवर बोलले नाही? अंगणातच अर्धा तास भाषण दिलं. मांजराच्या रडण्यात भविष्य नसतं, आपल्या भीतीत असतं, वगैरे. काकूंनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकलं. "बोलनं ब्येस हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "पन तुमचं बोलून झाल्यावर बी ती रडतीच की."

त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो. तो हसत म्हणाला, "द्या माझ्याकडं. शिवऱ्याला हायवेवर सोडतो. ढाब्यावर हाडकं रग्गड."

"दात नाहीत तिला," मी म्हणाले.

"मग रस्सा खाईल."

मी त्याला हाकलून लावलं. पण त्यानंतर पंधरा-वीस रात्री मी धड झोपले नाही. एका सभेत बोलता बोलता पुढचं वाक्यच आठवेना. लोक खाली बघायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणावरून सांगितलं, "ने तिला."

आपल्याकडे मांजर कसं सोडतात ते तूच शिकवलं होतंस. पोत्यात घालायचं, तोंड सुतळीनं बांधायचं आणि निघण्याआधी पोतं दोनदा गरगर फिरवायचं, म्हणजे दिशा चुकते आणि मांजर परत येत नाही. तुझ्या दुधावर टपलेले किती बोके तू असे भाटघरच्या पाण्यापलीकडे धाडलेस! मी पोतं आणलं. ती आपणहून आत गेली. अंधार बघून गेली असेल, की माझा हात आत होता म्हणून, कोण जाणे. मी सुतळीनं तोंड बांधलं.

"फिरवा दोनदा," काकू म्हणाल्या.

मी पोतं उचललं. त्यात काही आहे असं वाटेना, इतकी हलकी झालीये ती. आणि तिथंच माझे हात थांबले. हिला कशाची दिशा चुकवतेय मी? मधल्या खोलीतून पाटापर्यंतची वाट हिला सापडत नाही. म्हणून तर ती ओरडते. टेम्पो सुरू होता, काकू बघत होत्या, आणि मला सुतळीची गाठ सुटेना. शेवटी दातांनी तोडली.

"काकू, मी हिच्याजवळ खाली झोपत जाईन. ओरडली की उठेन. तुमच्या सुनेला झोप लागेल एवढं बघते."

आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण. काकूंनी मुलाला टेम्पो बंद करायची खूण केली आणि सहज विचारलं, "मग आधीच का न्हाई उठला, ताई?"

त्या या पंधरा-वीस रात्रींबद्दल विचारत होत्या. मी मात्र तिथंच अंगणात खाली बसले.

आता मी मधल्या खोलीत चटई टाकते. ती ओरडली की पाठीवर हात ठेवते. तुझ्यासारखं "काय गं भवाने" म्हणते, तिला ऐकू येत नाही तरी. ती गप्प होते. तासाभरानं पुन्हा. काकूंची सून सुखरूप बाळंत झाली. भाषणाला चांगला दाखला मिळाला असता, पण मी तो दिलेला नाही. देणारही नाही.

तू गेलीस त्या रात्रीही ती रडत होती, तुझ्या खोलीतून माझ्या दारापर्यंत आणि परत. सकाळी बायका म्हणाल्या, तिला आधी कळलं होतं. मी तुझ्या उशाशी उभी राहून त्यांच्यावर तुटून पडले: मांजराला काही कळत नसतं! गेली तेरा वर्षं हेच मोठ्या आवाजात सांगत फिरतेय. तिला पुढचं काही कळलं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. ती कुणाला तरी उठवत होती.

हे पत्र पेटीत टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी धीर झाला नसता. सगळ्यांना मी सांगितलं की मला गाढ झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी वेल्ह्यात सभा होती म्हणून मी उशी कानावर दाबून घेतली, आई. मी जागी होते.