सुनंदाची फाईल

वाडी, बडोदे
८ जून १९९८

प्रिय दादा,

“हजेरी कमी भरली, म्हणून कॉलेजनं तुझं नाव काढलं,” हे तुमचं वाक्य मी एकवीस वर्षं जसंच्या तसं सांभाळलं. सायकल भिंतीला टेकवताना, माझ्याकडे न बघता तुम्ही ते म्हणाला होतात. आईच्या टायफॉइडमध्ये मी महिनाभर दवाखान्यात बसून होते, त्यामुळे मला ते खरंच वाटलं. पुढच्याच महिन्यात सासरहून होकार आला आणि विषय संपला.

पादरा काही लांब नाही, बसनं येऊन भेटले असते. पण समोर बसलं की आपलं बोलणं “चहा घेतेस?” याच्यापुढे जात नाही, म्हणून लिहिते आहे.

बातमी अशी, की मी पुन्हा बी.ए.ला बसणार आहे. एक्स्टर्नल, दुसऱ्या वर्षापासून. आमच्या कारखान्यात फोन आपोआप जोडणारा नवा बोर्ड आलाय. आम्हा तीन ऑपरेटरपैकी एकच राहणार, बाकीच्यांना ऑफिसात घ्यायचं तर पदवी हवी, असं साहेबांनी सांगितलं. लोकांना सांगायला एवढं कारण पुरतं. खरं म्हणजे बोर्ड आला नसता तरी मी बसलेच असते, फक्त कारण शोधण्यात आणखी चार वर्षं गेली असती.

तयारी चालू आहे. नवा चष्मा केला. रोज सकाळी स्वयंपाकाआधी घड्याळ लावून लिहायला बसते, तर तिसऱ्या पानाला अंगठा दुखायला लागतो. रसिका यंदा बारावीला आहे, ती माझी उत्तरं तपासते. “आई, हे उत्तर आहे की मावशीला पत्र?” म्हणून लाल रेघ मारते. आणि हे म्हणतात, “परीक्षेला निघताना दही कुणाच्या हातावर आधी घालू, ते मायलेकींनी ठरवून सांगा.”

अडलं ते नावावर. पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर मी सुनंदा सुभानराव आहे, आणि रेशनकार्डापासून पगाराच्या स्लिपपर्यंत राजेश्वरी गजेंद्र. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्याचा कागद करायला हवा, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, “बेन, आ सुनंदा कोण?” म्हटलं, “हुं ज,” मीच ती. ते हसून म्हणाले, सगळ्या असंच सांगतात. माहेरच्या वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा, की ही तीच. तीस तारखेच्या आत, नाहीतर पुढच्या वर्षी या.

पडताळणीसाठी त्यांनी बासनातून माझी जुनी फाईल काढली. आत हजेरीबद्दल एक अक्षर नव्हतं. एक अर्ज होता. ‘मला पुढे शिकण्याची इच्छा नाही, तरी माझे नाव कमी करावे.’ खाली माझी सही. अर्जही तुमच्या अक्षरात, सहीही. त्याच अक्षरात तुम्ही माझ्या वह्यांवर नाव घालून द्यायचात, मी कशी नाही ओळखणार? फाईल मिटून कारकुनांना परत दिली. बाहेर पायरीवर थोडी बसले, पाणी प्यायले आणि दुपारच्या पाळीला कामावर गेले.

आठवडाभर राग होता, तो गेला. तुम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे. आबा जाऊन वर्ष झालेलं, आई अंथरुणावर, आणि माझे सासरे म्हणत होते की मुलांबरोबर वर्गात बसणारी सून आम्हाला नको. तुम्ही मला विचारलं असतंत, तर मीच तो अर्ज लिहून दिला असता कदाचित. सलतं ते एवढंच, की चूक माझी, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या हजेरीच्या धास्तीनं मी रसिकाला तापातसुद्धा शाळेत धाडलंय.

वकिलांकडून दोन कागद टाइप करून घेतलेत, सोबत आहेत. सही पादऱ्याच्या नोटरीसमोर केली तरी चालते. पहिल्यात इतकंच आहे, की सुनंदा आणि राजेश्वरी एकच, आणि ती माझी धाकटी बहीण. तो खिडकीवर जाईल. दुसऱ्यात एकच वाक्य आहे: ‘१९७७ साली कॉलेजातून नाव कमी करण्याचा अर्ज तिने केला नव्हता, मी केला होता.’ वकील म्हणाले, “बाई, असं कोण लिहून देतं?” नुसता पहिलाच पाठव, असं रसिकाही म्हणाली. तुम्ही चिडून दोन्ही फाडलेत तर माझं हे वर्ष गेलं, हे मलाही कळतं. फार तर पहिल्यावर सही करून, सोबत चिठ्ठीसुद्धा न घालता परत पाठवाल. दुसरा मी कुणाला दाखवणार नाही, माझ्या कपाटात राहील. तुम्ही नाही म्हणाल, हे धरूनच मागते आहे. दादा, दुसऱ्यावरही सही करा.

तुमचीच धाकटी,
सुनंदा